भरल्या अंगाच्या सुमनबाई

गेल्या आठवड्यात परतूरच्या बसस्टँडवर एक बाई ओळख दाखवून जवळ आल्या. त्यांची मुलगी कधीकाळी आमच्या आष्टीच्या शाळेत होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत त्या सुमनबाई व्हत्या ना, भरल्या अंगाच्या, त्या कुठं असतात आता?" मी सांगितलं, सुमनबाई गेल्या. कशानं, असं त्यांनी विचारलं. गर्भाशयाच्या कॅन्सरनं, मी म्हणाले. बाई मनापासून हळहळत म्हणाल्या, "पण तब्येत तर किती चांगली व्हती त्यांची."

माझी बस लागली होती म्हणून मी निघाले, पण आष्टी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्याकडे बाई जाड असली की तिची तब्येत चांगली असते. बारीक झाली की तब्येत उतरलेली असते. त्या हिशोबानं सुमनबाईंची तब्येत जन्मभर चांगलीच होती. शेवटचं वर्ष सोडलं तर.

त्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा सुमनबाई तिथल्या जुन्या शिक्षिका होत्या. आम्ही दोघी राहायला परतूरला, त्यामुळे जाणं-येणं एकाच काळ्या-पिवळ्या जीपमधून. जीपवाला पुढची सीट त्यांच्यासाठी राखून ठेवायचा. कोणी कुरकुर करायच्या आत त्या स्वतःच म्हणायच्या, "दोघींची जागा घेते बाबा मी, पण बोलतेही दोघींचं." जीप हसायची आणि विषय संपायचा. आपल्या अंगाबद्दल दुसऱ्याला बोलायची संधीच द्यायची नाही, आधी आपणच बोलून मोकळं व्हायचं, ही त्यांची रीत. मला पुष्कळ दिवस वाटायचं की त्यांना त्याचं काही वाटतच नाही.

आवाज असा, की प्रार्थनेला माइक लागायचा नाही. कमरेला कायम एक मोठा पंच्यासारखा रुमाल खोचलेला, त्यानं मान पुसत पुसत शिकवायच्या. लोकांना वाटायचं की ही बाई फार खात असणार. खायच्या आमच्याएवढंच. डबा मात्र मोठा असायचा, कारण उपाशी आलेल्या पोरी त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या. पहिल्या तासालाच अशा पोरीला मागे बसवून भाकरी खायला लावायच्या. "आधी पोट, मंग पाठ," म्हणायच्या. मुख्याध्यापकांनी एकदा हरकत घेतली, तेव्हा त्यांनाही अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. त्यांनी तो खाल्ला आणि परत कधी हरकत घेतली नाही.

एकदा शाळेत आरोग्य तपासणीसाठी पथक आलं होतं. मुलींची रांग लावून वजनं चालली होती. सहावीतली एक जाडजूड पोरगी, शबाना, दाराआड जाऊन उभी राहिली आणि काही केल्या काट्यावर चढेना. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसत होत्या. सुमनबाईंनी नर्सताईंना बाजूला व्हायला सांगितलं, चपला काढल्या, आणि सगळ्या शाळेसमोर स्वतः त्या काट्यावर उभ्या राहिल्या. काटा सरळ शेवटाला जाऊन थरथरत राहिला. "संपला काटा," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आता इथं जिचं कोणाचं वजन हाय, ते माझ्याहून कमीच हाय. शबाना, ये." शबाना आली. वजन झालं.

मधल्या सुट्टीत त्या शिक्षकखोलीत येऊन बसल्या तेव्हा मी चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. बराच वेळ रुमालानं मान पुसत खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांना काही वाटत नाही हा माझा समज त्या दिवशी गेला.

आठवी-नववीच्या मुलींना पाळीबद्दल त्याच सांगायच्या. बाकी आम्ही सगळ्या घाईघाईत, पुस्तकात बघत सांगून मोकळ्या होणाऱ्या. सुमनबाई वर्गाची दारं-खिडक्या उघड्या ठेवून सांगायच्या. "अडचण म्हणायचं न्हाई, बाहेर बसले म्हणायचं न्हाई. पाळी म्हणायचं. नाव घेतल्यानं कोणी मरत न्हाई." मग सगळ्या वर्गाकडून तो शब्द मोठ्यानं म्हणवून घ्यायच्या. मुख्याध्यापक तेवढा वेळ व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला फिरत राहायचे.

त्यांना मूल नव्हतं. ते त्यांनी मला एकदा वाटेत जीप बंद पडली तेव्हा, बाभळीच्या सावलीत बसून सांगितलं. लहानपणापासून त्यांची पाळी कधी वेळेवर आलीच नाही. तीन-तीन, चार-चार महिने गायब. लग्न झालं, वर्षं गेली, मूल होईना. सासू प्रेमळ होती. सुनेच्या अंगात ताकद नाही म्हणून गर्भ राहत नाही, असं तिचं म्हणणं. मग दर हिवाळ्यात डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, वाटीभर तूप. "मूल काही झालं न्हाई," सुमनबाई हसत म्हणाल्या, "लाडू तेवढे सगळे अंगाला लागले." घरच्यांनी दिगंबररावांना दुसरी करा म्हणून फार धरलं होतं. दिगंबरराव म्हणजे त्यांचे यजमान, मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम. कमी बोलणारा माणूस. सगळे बोलत असताना ते जेवून उठले, हात धुतले आणि दुकानावर निघून गेले. संध्याकाळी परत आले ते बायकोसाठी जिलेबीचा पुडा घेऊन. तेव्हापासून बाजाराच्या दिवशी जिलेबी आणायचा त्यांचा नेमच झाला. त्या घरात एकमेकांना गोड शब्द बोलायची पद्धत नव्हती. जिलेबी होती.

पन्नाशी उलटल्यावर त्यांची पाळी थांबली. त्यांनी शिक्षकखोलीत पेढे वाटले. कशाचे, म्हणून गणिताच्या सरांनी विचारलं तर म्हणाल्या, "सुटका झाल्याचे." सरांनी पेढा खाल्ला आणि मग बायकांचे चेहरे बघून पटकन बाहेर गेले.

पुढच्या काही वर्षांतलीच ही गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते, सकाळची शाळा. शाळा सुटली, सगळे निघाले, तरी सुमनबाई खुर्चीवरून उठेनात. सगळे गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "रेखा, माझ्या मागून चल जरा." मी मागे उभी राहिले आणि मला साडीवरचा रक्ताचा डाग दिसला. मी त्यांच्या कमरेला माझी ओढणी गुंडाळली आणि विचारलं, हे काय आहे.

"अंगावरून जाऊन राह्यलंय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

डॉक्टरला दाखवलं का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, हो, गावातल्या डॉक्टरांकडं गेल्ते, गोळ्या दिल्या त्यांनी, थांबतं आणि परत येतं. मग हळूहळू खरं बाहेर आलं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं की पाळी बंद होऊन वर्षं झालीत. अजून बंद झाली नाही, मागेपुढे होते, एवढंच सांगितलं होतं. सगळ्या शाळेला तो शब्द मोठ्यानं म्हणायला लावणारी बाई दवाखान्यात खोटं बोलून आली होती. मी विचारलं, का.

त्यांनी कमरेच्या ओढणीची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "मला वाटलं, परत सुरू झालं. वाटलं, अजून आत काही शिल्लक असंल." आणि ज्या चेहऱ्यानं म्हणाल्या तो डोळ्यांसमोर आणायचा नाही असं मी आजही ठरवते. मूल होण्याचं वय उलटलेलं त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे. विज्ञान शिकवायच्या त्या. पण माणूस आतून काय काय धरून बसलेला असतो.

आम्ही रेल्वेनं संभाजीनगरला गेलो. त्या, दिगंबरराव आणि मी. सोनोग्राफी झाली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर. वयानं लहानच होत्या त्या, पण घाई न करता बोलल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. चरबी अंगात नुसती साठून राहते असं आपल्याला वाटतं, पण ती काम करत असते. पाळी थांबल्यावर अंडाशय आपलं काम आवरतं घेतं, पण चरबी बाईच्या अंगातलं ते संप्रेरक बनवतच राहते, ज्यानं गर्भाशयाचं अस्तर वाढतं. चरबी जास्त, तर ते जास्त. त्या वाढीला आवर घालणारं दुसरं एक संप्रेरक असतं. अंडाशयातून बीज सुटतं तेव्हा ते तयार होतं. ज्यांची पाळी तरुणपणापासून महिनोन् महिने येत नाही, त्यांना ते पुरेसं मिळतच नाही. पाळी गेल्यावर तर जवळपास संपतंच. मग अस्तर वाढत राहतं, त्याला थांबवणारं कोणी नसतं. आणि त्या वाढीतच कधीतरी एखादी पेशी बिघडते.

सुमनबाईंनी वर्गातल्या पोरीसारखी शंका विचारली. "म्हणजे माझ्या अंगानंच मला हे केलं म्हणायचं?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तसं एका माणसाबद्दल कुणालाच सांगता येत नाही. जाड बायकांपैकी पुष्कळजणींना हा कधीच होत नाही आणि बारीक बायकांनाही होतो. पण वजनानं शक्यता वाढते, हे खरं. मूल न झाल्यानंही वाढते, साखरेच्या आजारानंही. मग कागदावर काही लिहिता लिहिता, खाली बघत म्हणाल्या, पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं तरी लगेच यायचं असतं. लवकर आलं तर बहुतेक वेळा गर्भाची पिशवी काढून बाई बरी होते. उशीर झाल्याचं त्या बोलल्या नाहीत. गरज नव्हती.

ऑपरेशन लगेच होऊ शकलं नाही. साखर फार वाढलेली, रक्तदाब वाढलेला. भूल देणारे डॉक्टर वजन बघून तयार होईनात. ज्या अंगानं आजाराची शक्यता वाढवली, तेच अंग आता उपचाराच्या आड येत होतं. साखर खाली येईपर्यंत आणखी दिवस गेले. ऑपरेशन झालं तेव्हा कळलं की आजार पिशवीबाहेर गेलाय. मग किरणांचा शेक, मग सलाईनमधून औषधं, मग केस जाणं.

ऑपरेशनच्या दिवशी दिगंबरराव आणि मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांनी माझ्याशी चार वाक्यं सलग बोलल्याचं आठवत नाही. त्या दिवशी मांडीवरच्या पिशवीकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, जिलेबी मीच आणायचो."

मी म्हणाले, तसं काही नसतं भाऊ, एका गोष्टीनं असं होत नाही.

"डॉक्टरीणबाई म्हणल्या ना पण, चरबीचं."

मी परत तेच सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मान हलवली. त्यांना पटलं नाही ते मला दिसत होतं. आईचे लाडू, त्यांची जिलेबी, त्या घरानं त्या बाईवर जे जे प्रेम केलं होतं ते सगळं खाण्यातून केलं होतं, आणि आता ते एकेक मोजत तिथं बसले होते.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी ते रिकाम्या हातानं घरी यायला लागले. सुमनबाई मला म्हणाल्या, "ह्यांनी जिलेबी बंद केली. आता काय सोडून मी वाचणार हाय, तूच सांग." मी दिगंबररावांना तसं सांगितलं. त्यांनी एक दिवस आणली. सुमनबाईंनी एक तुकडा तोंडात घेतला, आणि औषधांमुळं तो पोटात राहिला नाही. दिगंबरराव मोरीत पाणी ओतत राहिले. परत त्यांनी कधी आणली नाही आणि सुमनबाईंनीही मागितली नाही.

त्या बारीक होत गेल्या. ज्यांना आजाराचं माहीत होतं ते म्हणायचे, जिभेनं घात केला. माहीत नव्हतं ते म्हणायचे, बाई, किती छान दिसायला लागलात, काय डाएट केलंत. दोन्ही प्रकारच्या लोकांना त्या सारखंच, "औषध चालू हाय," एवढंच सांगायच्या. बोलून मोकळं व्हायची त्यांची ती जुनी रीत सुटली होती.

एकाच गोष्टीसाठी त्यांनी शेवटपर्यंत बळ धरलं. त्यांच्या भावाची मुलगी पूजा. आष्टीलाच राहायची, आमच्याच शाळेत शिकलेली. आत्याच्याच अंगलोटाची, आणि आत्यासारखीच पाळी महिनोन् महिने न येणारी. सुमनबाईंना डॉक्टरीणबाईंचं बोलणं पाठ झालं होतं. पूजाला आत्ताच दाखवायला पाहिजे, गोळ्या असतात, वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो, अस्तर वाढू द्यायचं नाही. फोनवर सांगून झालं, भाऊ हो हो म्हणायचा. शेवटी एका दुपारी मला घेऊन त्या आष्टीला गेल्याच. डोक्याला स्कार्फ बांधून, जीपच्या मागच्या सीटवर. पुढच्या सीटची त्यांना आता गरज उरली नव्हती.

पूजाचं लग्न ठरवायचं चाललं होतं. सुमनबाईंनी भाऊ-भावजयीसमोर सरळ सांगितलं. पाळी हा शब्द ऐकल्याबरोबर भाऊ उठून अंगणात गेला. भावजय दार लोटून घेत म्हणाली, "ताई, हळू बोला. स्थळं येऊन राह्यलीत. दवाखान्यात गेलं की गावभर व्हतं. मंग कोण करील पोरीला?"

"करील कोणी तरी. आधी पोर तर राहू दे."

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वाईट बाई नव्हती. म्हणाली, "ताई, तुमचं झालं ते झालं. तुमच्यासारखं माझ्या पोरीला म्हणू नका. हात जोडते." आणि तिनं खरोखरच हात जोडले.

पूजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकत होती. सुमनबाईंनी तिच्याकडे बघितलं तर तिनं मान खाली घातली. येताना जीपमध्ये सुमनबाई एकच वाक्य बोलल्या. म्हणाल्या, "एवढ्या पोरींना शिकवलं मी."

पूजाला हसनाबादला दिली. लग्न आष्टीत झालं. हळदीच्या वेळी सुमनबाई पुढे झाल्या तर कोणीतरी म्हणालं, आत्याला त्रास नको, बसू द्या त्यांना. काळजीनंच म्हणालं असेल. त्या मांडवाच्या कडेला खुर्चीवर जाऊन बसल्या. शाळेतल्या जुन्या पोरी, आता लेकुरवाळ्या, त्यांच्यासमोरून जात होत्या आणि ओळखत नव्हत्या. त्यांनीही कोणाला हाक मारली नाही.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते लग्नानंतर काही महिन्यांनी. त्यानंतर मला निवडणुकीच्या कामाला लावलं आणि परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. त्या सकाळी मी त्यांच्या घरी सहज डोकावले, तर पूजा आणि तिचा नवरा आलेले. माहेरी आष्टीला चालले होते, वाटेत आत्याला भेटायला थांबले होते. नवरा बाहेर मोटारसायकलपाशी फोनवर बोलत उभा. आत पूजा आत्याच्या पलंगावर बसलेली. चेहरा फुललेला, अंगही पहिल्याहून भरलेलं.

सुमनबाईंनी तिला हळूच विचारलं, पाळी कधी आली होती. पूजा म्हणाली, लग्नानंतर आलीच न्हाई. घरी सगळ्यांना वाटतंय दिवस राहिले. सासूबाई पाण्याची घागर उचलू देत न्हाईत.

"तपासलं?"

"तपासलं आत्या. तसलं काही न्हाई."

"मंग सांग की त्यांना."

"कसं सांगू? सगळे एवढे खूश हायत."

सुमनबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हणाल्या, जालन्याला जा, संभाजीनगरला जा, कुठंही जा, पण दाखव. रेखा येईल तुझ्यासोबत. मी येईन म्हणाले. पूजा म्हणाली, जाते आत्या, जाते. मोठ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून म्हणतात तसं. बाहेर हॉर्न वाजला. सुमनबाई मनगट सोडेनात. पूजानं हसत हसत त्यांची बोटं एकेक करून सोडवली, वाकून पाया पडली आणि गेली.

सुमनबाई उठल्या. त्यांना उठवत नव्हतं, तरी उठल्या आणि भिंतीला धरून दारापर्यंत गेल्या. मोटारसायकल आष्टीच्या रस्त्याला वळली आणि दिसेनाशी झाली. दिगंबरराव म्हणाले, ऊन लागतंय, आत ये. त्या वळल्या नाहीत. मला शाळेची वेळ झाली होती. मी येते म्हणाले तर त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन मी मागे बघितलं. चौकट धरून त्या तशाच उभ्या होत्या, अंगावरची साडी आत कोणी नसल्यासारखी सरळ खाली लोंबत होती, आणि डोळे त्या रिकाम्या रस्त्यावर.